रविवारी येण्याआधी प्रोजेक्ट घरीच चालू करून बघा

मंडळी, रविवारी विश्रामबागला भेटतोय तर प्रोजेक्ट प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आधीच चालू झालेला पाहिजे, एकाच हॉटस्पॉटवर सगळ्यांनी एनपीएम इन्स्टॉल (प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस नेटवरनं उतरवणारी कमांड) लावलं तर सकाळ त्यातच जाणार. नोडचं (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन टाका, रेपो क्लोन करा, म्हणजे प्रोजेक्टचा कोड गिटनं लॅपटॉपवर उतरवा, मग टर्मिनलमधे सीडी कमांड मारून त्या फोल्डरच्या आत जा (नवीन पोरं हमखास इथंच अडकतात, बाहेरनंच कमांड मारतात मग पॅकेज डॉट जेसन ही पॅकेजेसची यादी असलेली फाईल सापडत नाही म्हणून एरर येतो) आणि मगच इन्स्टॉल. डॉट एन्व्ह ही सेटिंगची फाईल गिटवर अजिबात टाकायची नाही, पासवर्ड असतात त्यात. पोर्ट ३००० (प्रोजेक्टचा सर्व्हर ज्या नंबरवर चालतो तो) बिझी दाखवलं तर आधी चालू ठेवलेला सर्व्हर कंट्रोल सीनं बंद करा. अडलात तर एररचा फोटो नको, पूर्ण मजकूर इथं टाका, रात्री उशिरा टाकला तरी चालेल.