त्या नऊ मुलांबद्दल

प्रिय मनू,

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. झोपतेस ना नीट? हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेव्हा आधी कामाचं बोलतो.

‘वर्गातल्या नऊ जणांची कुवतच नाही’ असं तू म्हणालीस. बी.एड.ला तुम्ही अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ब्लूम यांची शिक्षणाच्या उद्दिष्टांची १९५६ची वर्गवारी पाठ केलीत: ज्ञान, आकलन, उपयोजन वगैरे. पण तुला आत्ता हवंय ते त्यांनी १९६८ साली मांडलेलं प्रभुत्व अध्ययन, म्हणजे एक घटक नीट आल्याशिवाय पुढे न जाणं. बेंजामिन ब्लूम शिकागो विद्यापीठाच्या परीक्षांचं काम अनेक वर्षं पाहत होते, १९५७ मध्ये परीक्षा-सुधारणेसाठी भारतातही आले. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्यांना सारखाच वेळ आणि एकच पद्धत दिली तर निकालात तफावत पडणारच.

एक-दोन आठवड्यांचा घटक झाला की छोटी चाचणी घे. तिचे गुण कुठेही चढवू नकोस, नाहीतर मुलं चुका लपवतात. ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांना उपचारात्मक अध्यापन, म्हणजे अडलेलं तेवढंच वेगळ्या पद्धतीने शिकवणं, मग समांतर चाचणी, म्हणजे त्याच भागावर वेगळे प्रश्न. बाकीच्यांना तोवर वरचं काम दे, रिकामं बसवू नकोस. हे फसतं कुठे? तोच धडा, त्याच शब्दांत, फक्त मोठ्या आवाजात सांगितला की.

३/४ वजा १/३ चं उत्तर २ लिहिणारा मुलगा अंश अंशातून, छेद छेदातून वजा करतो. त्याला नियम पुन्हा सांगू नकोस. बारा चौकटींची कागदी पट्टी दे. नऊ, म्हणजे ३/४, रंगवू दे; त्यातल्या चार, म्हणजे पट्टीचा १/३, खोडू दे. पाच उरतात, आणि पाऊणमधून काढून दोन उरणार नाहीत हे त्याला स्वतःला दिसतं.

पुन्हा व्याख्यान झालं, रागावू नकोस. चौथीत तुझा भागाकार अडला तेव्हा आजी चिंचोके मांडून तुझ्यासमोर बसायची, आणि उत्तर आलं की तूच तिला शिकवल्यासारखी समजावायचीस! तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं होतं, तू काय होणार ते.

१९८४ मध्ये ब्लूम यांनी लिहिलं, की एकेकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा निघाला नाही, म्हणून नऊही जणांना रोज एकेकटं घेऊन बसू नकोस. तिघातिघांचे गट कर. सुमामावशीनेही असंच स्वतःला झिजवलं होतं, आणि तुझा तो खोकला अजून गेलेला नाही.

समांतर चाचणीचा निकाल कळव. वह्या रात्री साडेदहानंतर तपासायच्या नाहीत. आई काढ्याची पुडी पाठवतेय.

तुझा,
बाबा