नदीकाठचा रस्ता आधी मोकळा करा

महोदय,

दहिसर नदीच्या काठाने चालायला आणि सायकलला मार्ग व्हावा, अशी चर्चा आमच्याकडे पुन्हा सुरू झाली आहे. चांगलंच आहे. पण विषय निघाला रे निघाला की रोषणाई आणि सेल्फी पॉइंट आधी येतात. (कारंजं अजून कोणी मागितलेलं नाही, तेही मागतील.)

तुळशी तलावाकडून येणारी ही नदी राष्ट्रीय उद्यानात असते तोवर तळाचे गोटे दिसतात. बाहेर पडली की सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण घेत मनोरीच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर नद्यांच्या संरक्षक भिंतींना जोर आला. काही ठिकाणी भिंतीलगत गाळ काढणाऱ्या पोकलेन-डंपरसाठी रस्ताही आहे. यंत्रं येतात पावसाळ्याआधी. एरवी तिथे कव्हर घातलेल्या मोटारी, भंगार रिक्षा, डेब्रिजच्या गोणी आणि टोकाला कुलूपबंद फाटक!

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. पहिल्या गाडीची ड्युटी असली की सायकलनेच डेपो गाठायचो. त्या वेळी रस्त्यावर पाववाला, पेपर टाकणारा पोरगा, इडलीचं पातेलं मागे बांधलेला अण्णा आणि रात्रपाळी करून निघालेला वॉचमन, एवढेच भेटायचे. आजही तेच भेटतात. रविवारचे हेल्मेटवालेही जरूर यावेत, पण मार्ग आखताना पाववाल्याची सायकल समोर ठेवा. मागे एवढी रुंद टोपली असते की फाटकाच्या फटीतून ती जात नाही, आणि पायऱ्या चढवायच्या तर अर्धे पाव खाली.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकल ट्रॅकवर गाड्याच उभ्या राहिल्या. पवई तलावाकाठचा ट्रॅक उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवून काढायला लावला. तेव्हा पात्रात भराव घालून नवीन काही बांधू नका. नदीची जागा अडवली की पाणी वस्तीत शिरणारच.

आहे त्या रस्त्यावरच्या गाड्या उचला, फाटकं पहाटेपासून उघडी ठेवा, पुलाजवळ वाट तुटते तिथे उतार द्या. गाळाच्या दिवसांत फलक लावून खुशाल बंद करा, आमची हरकत नाही. फक्त काढलेला गाळ काठावर वाळत टाकला की तो कधी उचलणार, तेही त्याच फलकावर लिहा.

— एक निवृत्त कंडक्टर, बोरिवली (पूर्व)