ब्रिटनच्या खाणी, आमच्या गिरण्या आणि रापण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत युद्धानंतरच्या ब्रिटनवरचा लेख वाचला. बीटल्स, पंक, रंगीबेरंगी इमारती, फॅशन सगळं छान आलंय, पण एक मुद्दा काही केल्या पटत नाही, की सत्तरच्या दशकानंतर तिथल्या लोकांचा मोठ्या विचारांवरचा विश्वास उडाला, कामगार म्हणून एकत्र येणं जुनं झालं आणि जो तो आपापली ओळख शोधायला लागला, हेच म्हणे उत्तर-आधुनिक युग. मी गिरणी कामगाराचा मुलगा, राहतो मालवणजवळ, आणि मला ठामपणे वाटतं की लोकांनी काही सोडलं नाही, त्यांचं काम काढून घेतलं गेलं.

१९४५ ला युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलना हरवून तिथल्या लोकांनी लेबर पक्ष आणला. १ जानेवारी १९४७ ला कोळसा खाणी सरकारी झाल्या तेव्हा खाणीखाणीवर पाटी लागली की ही खाण आता जनतेच्या वतीने चालते. ५ जुलै १९४८ पासून सगळ्यांना मोफत दवाखाना. त्याच वर्षी विंडरश बोटीतून कॅरिबियनची माणसं उतरली आणि पुढे तिथली हॉस्पिटलं, बस, रेल्वे त्यांच्यासारख्यांनी आणि आपल्या भारतीय उपखंडातून गेलेल्यांनीच सांभाळली. सगळं गोडीगुलाबीने झालं असं मुळीच नाही. १९६८ ला इनॉक पॉवेल या खासदाराने बाहेरून आलेल्यांविरुद्ध भाषण ठोकलं तर लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूने पार्लमेंटवर मोर्चा घेऊन गेले.

पण नऊच वर्षांनी काय झालं बघा. लंडनमध्येच ग्रनविक नावाची कंपनी होती, लोक पोस्टाने फिल्म पाठवायचे आणि ही धुऊन फोटो परत पाठवायची. तिथे जयाबेन देसाई आणि त्यांच्यासोबतच्या बायका, बऱ्याचशा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती, संपावर गेल्या आणि साडी नेसून रोज गेटवर उभ्या राहायच्या. १९७७ ला यॉर्कशायरचे खाणकामगार त्यांच्यासाठी लंडनला आले आणि स्थानिक पोस्टमननी कंपनीचं टपाल अडवून धरलं. म्हणजे गोरा खाणकामगार आणि साडीतली बाई एका गेटवर. १९७८ ला संप हरला ही गोष्ट वेगळी, पण विश्वास उडालेली माणसं असं करतात का? लेखात याबद्दल एक ओळ नाही याचं खरंच वाईट वाटलं.

पुढे थॅचरबाई पंतप्रधान झाल्या. मार्च १९८४ ते मार्च १९८५ वर्षभर खाणकामगार संपावर होते, गावोगावच्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाक करून संप चालवला आणि तरी हरले. मग खाणी एकामागून एक बंद, शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ ला. वेल्समधली बिग पिट ही खाण तर संपाच्या आधीच, १९८० ला बंद पडली आणि १९८३ ला म्युझियम म्हणून उघडली. जुने खाणकामगारच गाइड झाले, डोक्याला दिवा लावून पर्यटकांना तीनशे फूट खाली न्यायचे. आजही तिथे घड्याळ, मोबाइल, काडेपेटी वरच काढून ठेवावी लागते कारण गॅसची भीती खरी आहे. नियम सगळे खरे, फक्त कोळसा कोणी काढत नाही.

आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. कोकणातल्या घरांना वेगळं सांगायला नको, मनीऑर्डर बंद झाली, बाबा गावी आले आणि आईने दुसऱ्याच्या बागेत मजुरी धरली. गिरण्यांच्या जागेपैकी एक तृतीयांश मोकळी मैदानं, एक तृतीयांश घरं असा नियम १९९१ ला झाला आणि २००१ ला तो फक्त रिकाम्या जागेपुरता करून टाकला. फिनिक्स मिलची चिमणी आता मॉलमध्ये उभी आहे, लोक खाली सेल्फी काढतात, आणि कामगारांचे वारस अजून घराच्या लॉटरीची वाट बघतायत.

आता तीच पाळी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या आमच्या मासेमारीवर येतेय म्हणून हे पत्र. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे आणि मासळीचे वाटे करायचे, दोराला हात लावलेल्या पोरालाही चार मासे मिळणार ही आमच्याकडची पद्धत. हल्ली जाळ्यात केरच जास्त येतो. रात्री झगझगीत उजेडाने मासे ओढून घेणाऱ्या एलईडी लाइटच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ ला बंदी घातली तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. आणि पर्यटक मात्र दोर धरून व्हिडिओ काढतात. आमच्या वाडीतले एक काका परवा म्हणाले, "ओढूक माणसां गावनत नाय, बगूक मात्र ही गर्दी." माझा पर्यटनाला विरोध नाही, आमच्या घरचाही होमस्टे आहे. पण किनाऱ्याचे आराखडे होतात त्यात पार्किंग, स्टॉल, सेल्फी पॉइंट सगळं असतं आणि होड्या वर ओढायला, जाळी सुकवायला जागा कुठे तेच नसतं. ती जागा रापणकरांच्या नावाने आधी राखून ठेवा आणि एलईडीवाल्या बोटींवर रात्रीची गस्त घाला, इतकी मागणी आपल्या पेपरातून सरकारपर्यंत पोचवा ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण तालुका