सोन्याची सुई सुटली, पण तो दिवाळीला येणार नाही

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

गणपतीत आई, तू दोनदा विचारलंस, "माझ्या बोकोबाला, सोन्याला, कधी आणतेस?" दोन्ही वेळा मी "बघू" म्हणाले आणि मान खाली घालून नारळ खवत राहिले. निघताना बाबांनी गाडीची मागची सीट झटकली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला टोपली इथे बसेल." तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगवलं. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि त्या गप्प बसण्यापुढे मी लगेच नमते. म्हणून लिहितेय.

सोन्या दिवाळीला येणार नाही. संक्रांतीपर्यंत त्याला पुण्यातच ठेवायचं मी ठरवलंय.

रागावू नका, आधी पूर्ण वाचा. नारळी पौर्णिमेला सकाळी त्याला इन्सुलिनचं शेवटचं इंजेक्शन दिलं, अर्धं युनिट. अनंत चतुर्दशीला त्याला 28 दिवस झाले. या दिवसांत त्याची साखर एकदाही 120 च्या वर गेली नाही. काल सकाळी 92 होती. होळीनंतर कुंभार्ली घाटातून त्याला आणलं तेव्हा 412 होती, आठवतंय ना? चार आठवडे इन्सुलिनशिवाय साखर जागेवर राहिली की डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. काल त्यांनी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला आणि मी दवाखान्यातच रडले.

पण बाबा, रेमिशन म्हणजे बरा झाला असं नाही. तुम्ही शेजारी सगळ्यांना "बोक्याचा डायबेटिस गेला" म्हणून सांगितलंय, ते मला काकूंकडून कळलं. झालंय असं, की साखर सतत चढलेली असताना त्याचं स्वादुपिंड, जिथे शरीरातलं इन्सुलिन तयार होतं, ते थकून बसलं होतं. इन्सुलिन बाहेरून दिलं, खाणं बदललं, तशी त्याला विश्रांती मिळाली आणि ते पुन्हा थोडं थोडं काम करायला लागलं. म्हणून डोस दोन युनिटांवरून एक, एकावरून अर्धं, असा उतरत गेला. ते परत थकू शकतं. अशा रेमिशनमध्ये गेलेल्या चारांतल्या साधारण एका मांजराला पुन्हा इन्सुलिन लागतं, आणि दुसऱ्या खेपेला ते सुटेलच असं नाही. हे पुढचे तीन-चार महिने म्हणूनच मला हातचे सोडायचे नाहीत.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. जुलैत एका रात्री तो स्वयंपाकघरात आला आणि दारूड्यासारखा झोकांड्या खायला लागला, नजर शून्यात. साखर 52. त्याला इन्सुलिनची गरज कमी झाली होती आणि मी जुनाच डोस देत होते. हिरड्यांना मध चोळला, मांडीवर घेऊन बसले, दर पंधरा मिनिटांनी साखर बघायला कान टोचला. पहाटेपर्यंत 110 वर आला. तुम्हाला कळवलं असतं तर बाबा रात्रीच एसटीत बसले असते, म्हणून नाही कळवलं. पण त्या रात्री मनात आलं, हेच चिपळूणला झालं असतं तर?

तुमच्याने होणार नाही असं मला म्हणायचं नाहीये. आई, तुझ्याइतकं त्याला कुणी ओळखत नाही. हा आजार तूच पकडलास. मागीलदारी तो बसायचा तिथे मुंग्या लागतायत, हे तुला दिसलं. आम्ही सगळे म्हणालो, पावसाच्या आधी मुंग्या येतातच. तू म्हणालीस, "नाही, त्याच्या लघवीलाच लागतायत." बादलीतलं पाणी चाटत बसतो, दोन वेळा जेवून तिसऱ्यांदा मागतो आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो, हेही तूच सांगितलंस. डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, उशीर झाला असता तर इन्सुलिन सुटणं कठीण होतं. हे तुझं श्रेय आहे आणि मला ते तुला कागदावर लिहून द्यायचंय.

म्हणून दूधभाताचं सांगताना माझी जीभ अडखळते. आई, त्याला जे झालं ते तुझ्या दूधभाताने झालं असं कुणी म्हटलेलं नाही. वय अकरा, नर, ऑपरेशन झालेला, दिवसभर पडवीत लोळणारा, अशा मांजरांना हा आजार जास्त होतो. त्यातून मागच्या वर्षी खाजेसाठी त्याला लागोपाठ तीन वेळा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं, आणि स्टेरॉइडने साखर चढते. ते आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण मांजराचं शरीर मांस पचवायला घडलेलं आहे. भात, पोळी, बिस्कीट हे त्याला पेलत नाही, आणि आता तर अजिबात नाही. तापात मला मऊभात-मेतकूट भरवणारा तुझाच हात आहे. त्याच हाताने तू त्याला भरवत आलीस. तो हात थांबवायला सांगताना मला काय वाटतंय ते तुला कळेल.

त्याचं इथे कसं चाललंय ते सांगते. सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी दोन जेवणं, मधे दुपारी थोडं. डबाबंद ओलं खाणं, ज्यात पिठाचा अंश अगदी कमी. कोरड्या दाण्यांत पीठ घालावंच लागतं, म्हणून ते पूर्ण बंद केलंय. पाणी आता मांजरासारखं पितो, बादलीसारखं नाही. वाळूत पूर्वी संत्र्याएवढे गोळे निघायचे, आता लिंबाएवढे. वजन 5.8 किलो. झोपायला तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची गोधडी दिलीय. ती धुवायला टाकली की मशीनसमोर जाऊन बसतो. फोन स्पीकरवर ठेवला आणि बाबांचा आवाज आला की कान मागे वळवतो.

साखर बघताना आधी कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस त्याच्या कानाला धरते, कान लालसर होतो. कडेला व्हॅसलिनचा एक अगदी पातळ हात, म्हणजे थेंब पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. टोच, थेंब, पट्टी, आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा शेंगदाण्याएवढा तुकडा. आता कापूस बघितला की आपणहून येऊन मांडीवर चढतो. मार्चमध्ये याचे मागचे पाय खाली बसले होते, टाचा टेकवून सशासारखा चालायचा. गेल्या मंगळवारी मी कणीक मळत होते आणि तो जमिनीवरून थेट ओट्यावर आला. एका उडीत. मी कणकेच्या हाताने तशीच उभी राहिले. 2021 च्या पुरात बाबांनी त्याला शर्टात घालून माळ्यावर नेलं होतं, तेव्हा तो बाबांच्या खांद्यावरून असाच उडी मारून वाशावर गेला होता.

आता काही गोष्टी. तुम्ही दोघांनीही पाळायच्या.

बाबा, तुम्ही गणपतीत म्हणालात, "लागलंच तर माझं इन्सुलिन आहेच की फ्रिजात." हे मनातसुद्धा आणू नका. तुमचं औषध वेगळं, त्याचं वेगळं. तुमची बाटली 40 ची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट, लाल टोपणाच्या सिरिंजची. त्याची 100 ची, केशरी टोपणाची. बाटली आणि सिरिंज अदलाबदल झाली तर डोस अडीच पट होऊ शकतो. तुम्ही 18 युनिट घेता, तो जास्तीत जास्त दोन घेत होता.

आणि त्याचं सुटलं म्हणून तुमचंही सुटेल, हे डोक्यातून काढा. तुमचं इन्सुलिन तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक युनिटही कमी करायचं नाही. आई, रात्रीचं इंजेक्शन झालं की मला नुसता एक मिस्ड कॉल दे. बाबांना सांगू नकोस मी सांगितलंय म्हणून. (बाबा, तुम्ही हे वाचणारच आहात. तरी सांगतेय.) मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर पक्कं करा, मी आठ दिवस येऊन राहते. मधुमेहात डोळे लांबणीवर टाकायचे नसतात.

संक्रांतीला त्याला आणेन तेव्हा दूधभात, पोळी, बाबांच्या चहातलं मारी बिस्कीट, काहीही नाही. काकूंनाही सांगून ठेवा, त्या कुंपणावरून आमटीभात टाकतात. बांगडा चालेल, बिनमिठाचा, उकडलेला, काटे काढून, सुपारीएवढा. आई, तो तूच दे, म्हणजे तुझ्या हातचं खाणं त्याला मिळत राहील. खाज सुटली तरी मला विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही. पाणी जास्त प्यायला लागला, किंवा मागीलदारी पुन्हा मुंग्या दिसल्या, तर त्याच दिवशी फोन, रात्र असली तरी.

दिवाळीत त्याच्याशिवाय घर कसं वाटेल, ते मला माहीत आहे. पहिल्या आंघोळीला तो उटण्याच्या वाटीशी येऊन बसतो, ते यंदा नाही. तुम्ही दोघंच इकडे या ना! बाबांना पाचेक तास गाडीत बसवेल, मधे कराडला थांबू. वसुबारसेच्या दिवशी सकाळी मी स्वतः न्यायला येते. त्याच्या खोलीतच तुमच्या गाद्या घालते. तो रात्री बाबांच्या पायांवर येऊन झोपेल, मला खात्री आहे.

यायचं की नाही ते रविवारी फोनवर सांगा. आई, येताना ती पितळेची छोटी वाटी घेऊन ये, त्याची. इथल्या स्टीलच्या वाटीतून तो अजून मन लावून पाणी पीत नाही.

तुमची,
नमू