बाबा, ईयोबाच्या मित्रांचे ऐकू नका

प्रिय आई आणि बाबा यांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, परवा तुम्ही जे सांगितलेत त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कंपवात झालेल्या आईसाठी प्रार्थना करायला घरी आलेल्यांपैकी एकाने घरात काही न कबूल केलेले पाप आहे का ते शोधायला सांगितले, दुसऱ्याने विश्वास पुरेसा असेल तर गोळ्यांची गरज उरत नाही असे सुचवले, आणि तेव्हापासून तुम्ही कुटुंबप्रार्थनेत आईचे नाव घेणेच सोडून दिले आहे. कारण नाव घेतले की तोंडून तक्रारच निघते आणि देवापुढे तक्रार करणे तुम्हांला पाप वाटते.

आधी गोळ्यांचे. कोणी कितीही वचने दाखवली तरी आईची गोळी चुकवू नका. कंपवातावरचे हे औषध एकाएकी बंद केले तर अंग ताठरते, ताप चढतो, जिवावरही बेतू शकते. डाळ आणि दूध यांसोबत ती घेतली तर तिचा गुण कमी येतो, म्हणून डॉक्टरांनी जेवणाआधीची जी वेळ ठरवून दिली आहे तीच पाळा.

आता पापाचे. या आजारात मेंदूच्या तळाशी डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून हे चाललेले असते. आईचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढे बारीक होऊ लागले, उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते खणखणीत म्हणणारा तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोहोचेनासा झाला, ते याच आजाराचे लक्षण होते. आपण त्याला वय म्हणत होतो. यात तिने काय केले म्हणून शोधायचे? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती माणसे यरुशलेमातील इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती असे त्याने स्पष्ट सांगितले आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला लावले. मेलेल्यांची चौकशी त्याने चालू दिली नाही.

बाबा, निर्दोष असूनही लेकरे, धन आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचा ग्रंथ तुम्ही अनेकदा वाचला आहे, पण आपल्याकडे प्रवचनात बहुधा पहिले दोन अध्याय आणि शेवटचा अध्याय येतो. मधले कोणी फारसे उघडत नाही. त्या मधल्या भागात अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तिघे मित्र जे बोलतात ते ऐकायला अत्यंत धार्मिक आहे: देव न्यायी आहे, निर्दोष माणसाचा नाश होत नाही, तेव्हा तू पश्चात्ताप कर. उलट ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि देवाने समोर येऊन उत्तर द्यावे असे बजावतो. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? त्या तिघांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो अलीफजाला सुनावतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला ईयोबालाच सांगतो. त्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती: आरंभी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

मात्र त्या ग्रंथात ईयोबाला कारण कधीच कळत नाही, हेही खरे. वावटळीतून बोलणारा देव त्याला तारे, रानगाढव, शहामृग, ससाणा दाखवतो; ज्यातून त्याचे सगळे दुःख सुरू झाले त्या, स्वर्गात सैतानाशी झालेल्या बोलण्याचा एक शब्दही सांगत नाही. शेवटी ईयोबाला पुन्हा मुलेबाळे होतात हे मला समाधानकारक वाटत नाही. मेलेली दहा लेकरे त्याने कशी विसरावीत?

विश्वास कमी म्हणून प्रार्थना ऐकली जात नाही असे म्हणणाऱ्याने गेथशेमाने बाग आठवावी. हा प्याला माझ्यापासून टळो, अशी विनवणी मरणाच्या आदल्या रात्री तिथे प्रत्यक्ष देवपुत्र येशूने केली आणि प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातील काट्यासाठी, म्हणजे आपल्या एका जाचक व्यथेसाठी, तीनदा विनंती केली, त्याला कृपा मिळाली, काटा निघाला नाही.

इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवादही मी पुष्कळदा ऐकला आहे: देवाने माणसाला निवड दिली, माणूस वाईट निवडतो, म्हणून दुःख आहे. युद्धांपुरते, अन्यायापुरते ते मला पटते; पेशी मरण्यात कोणाची निवड असते ते मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव इथून फार लांब नाही, म्हणून असेल, पण या दिवसांत त्यांचा विचार मनात वारंवार येतो. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, 1882 मध्ये लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती पटकीने दगावले. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतर दुःख थांबले असे काही घडले नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली आणि पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. 1896 च्या दुष्काळात मात्र त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. भूक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. त्या मुलींना आधी जेवू घातले, त्यांच्या पूर्वजन्मीच्या किंवा या जन्मीच्या पापांची यादी मागितली नाही. दुःखाचे कारण सांगणाऱ्यांपेक्षा मला त्यांचा विश्वास अधिक कळतो.

म्हणून माझी विनंती अशी की आजच्या कुटुंबप्रार्थनेत 88 वे स्तोत्र मोठ्याने वाचा. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, एकही दिलाशाची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे. वधस्तंभावरून प्रभूने जो टाहो फोडला तोही 22 व्या स्तोत्रातला प्रश्नच होता. तेव्हा आईचे नाव घ्या, आणि तक्रार निघाली तर निघू द्या. आई, तुलाही रागवावेसे वाटले तर बाबांचे तोंड पाहून गप्प बसू नकोस.

भेटायला येणाऱ्यांना प्रवचनाऐवजी काम सांगा: कोणी आईला संध्याकाळी अंगणात चालवावे, कोणी तिच्याजवळ बसून बाबांना तासभर झोपू द्यावे. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी मी सुटी काढून येत आहे, तेव्हा डॉक्टरांकडे मीच सोबत येईन. तोवर आईला गिळताना ठसका लागतो का, तेवढे वहीत लिहून ठेवा.

तुमची,
लेक