कलम ३२ आठवतंय ना? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

आंतरराष्ट्रीय कायदा शिकवताना वर्गात एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो : "सर, म्हणजे राजदूताने खून केला तरी त्याला कोणी हात लावायचा नाही?" मी सांगतो, यजमान देशाला अटक करता येत नाही, खटलाही भरता येत नाही, फार तर 'नकोशी व्यक्ती' ठरवून घालवता येतं. पोरं चिडतात. मग मी कलम ३२ काढतो. हे पत्र त्याच कलमासाठी.

हे कलम राजनयिक संबंधांवरच्या १९६१च्या व्हिएन्ना करारातलं. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की राजदूतांना अटक-खटल्यापासून मिळणारं संरक्षण आणि इतर सवलती कुणा व्यक्तीच्या फायद्यासाठी नाहीत, वकिलातीचं काम नीट चालावं म्हणून आहेत. म्हणजे संरक्षणाची मालकी अधिकारी पाठवणाऱ्या देशाची, आणि ३२व्या कलमानुसार ते काढून घ्यायचा अधिकारही त्याचाच. अधिकाऱ्याची संमती लागत नाही. पण बहुतेकदा होतं काय, तर साहेबांना पहिल्या विमानाने मायदेशी आणलं जातं आणि फाईल थंड पडते.

जानेवारी १९९७मध्ये वॉशिंग्टनच्या ड्यूपाँट सर्कलपाशी जॉर्जियाच्या वकिलातीतले क्रमांक दोनचे अधिकारी दारू पिऊन भरधाव गाडी चालवत होते. अपघातात सोळा वर्षांची मुलगी गेली. अमेरिकेचा दबाव होता, हे खरं. तरी राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांनी संरक्षण काढून घेतलं, खटला चालला, सात ते एकवीस वर्षांची शिक्षा झाली. जॉर्जियाच्या वकिलातीला काही टाळं लागलं नाही.

संरक्षणच नको, असं मी म्हणत नाही. ४ नोव्हेंबर १९७९ला तेहरानमधली अमेरिकी वकिलात जमावाने ताब्यात घेतली आणि ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. हे कवच काढलं, तर शत्रूच्या राजधानीत बोलणी करायला कोण जाईल?

पण त्याच कवचाआड काय काय लपतं, तेही बघा. लंडनमध्ये एका सौदी राजनयिकाच्या घरकामाला ठेवलेल्या फिलिपिनो बाईंची तक्रार होती की कचरा टाकण्यापुरतंच घराबाहेर सोडत, आणि चोवीस तास हाकेला ओ देता यावी म्हणून अंगावर घंटी बाळगायला लावत. मालकाने संरक्षणाची ढाल पुढे केली. २०२२मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की आरोप खरे असतील तर अशी पिळवणूक हा नफ्याचा व्यवहार ठरतो, त्याला दिवाणी संरक्षण नाही. इतकं साधं ठरायलाही दोन न्यायमूर्ती विरोधात गेले, हे मला अजून खटकतं.

न्यायालयांवर भार टाकू नका, साहेब. यजमान देशाने संरक्षण काढण्याची विनंती केली की ठरावीक मुदतीत लेखी, सकारण उत्तर द्या. नकार द्यायचा तर मायदेशी खटला चालवणार का, तेही त्यातच लिहा. यजमान देशातलं संरक्षण घरच्या न्यायालयापासून वाचवत नाही, हे कलम ३१मध्येच आहे. आणि अशा किती विनंत्या आल्या, किती मान्य केल्या, तो आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवा.

शून्य असला तरी ठेवा. मला वर्गात सांगायचा आहे.

आपला,
आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक शिक्षक