मजकुरापेक्षा प्रसार तपासा

महोदय,
सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात मतदानाला दोनच दिवस उरले असताना एका पक्षनेत्याच्या आवाजातली बनावट ध्वनिफीत पसरली. मते विकत घेण्याचे बोलणे त्यात ऐकू येत होते. प्रचारबंदी लागू असल्याने खुलासा पोहोचवणेही अवघड झाले. मतदाराच्या हाती अशा वेळी काय उरते?

यावर ‘सरकारने खोटा मजकूर हटवावा’ हा उपाय मला धोक्याचा वाटतो. खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार सत्तेकडे गेला की पहिली गदा टीकाकारांवरच येते. नियमन हवे ते प्रसाराच्या यंत्रणेवर. एखादी पोस्ट लाखोंपुढे का ढकलली गेली, जाहिरातीचे पैसे कोणी मोजले, हे समाजमाध्यम कंपन्यांनी उघड केलेच पाहिजे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या ऑनलाइन मंचांना निवडणुकांवरील धोक्यांचे मूल्यमापन बंधनकारक केले आहे, संशोधकांना माहिती देण्याचीही तरतूद आहे, आणि दंड जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. असा कायदा सर्वच लोकशाही देशांनी करावा. मात्र त्याची अंमलबजावणी मंत्र्यांच्या हाताखालच्या खात्याकडे नको, स्वतंत्र नियामकाकडेच असावी.

– एक वाचक